पोखरणचे पाणी

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला पाण्याविषयी बोलायला निमित्त लागत नाही. जिन्यात दोन शेजारी भेटले की पहिला प्रश्न "आलं का?" हाच असतो, आणि काय आलं, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. एकदा मी सातवीच्या मुलांना 'आमच्याकडे आलेला पाहुणा' हा निबंध घातला, तर एका मुलाने तो नळाच्या पाण्यावर लिहिला. त्याच्या येण्याची वेळ नक्की नसते, तो आला की सगळे घर उठून उभे राहते, आणि दोन शब्द धड बोलून होण्याआधीच तो निघून जातो, असे त्याने लिहिले होते. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला तो ऱ्हस्वदीर्घासाठी.

हा पाहुणा येतो मात्र दुरून. आमचे पाणी उल्हास नदीचे. कोकणातल्या कितीतरी नद्या होळीपर्यंत दम धरतात आणि मग दगडगोटे दाखवू लागतात. उल्हास भर वैशाखातही वाहते, कारण घाटमाथ्यावर अडवलेले आंध्र नदीचे पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून खाली उतरून तिला मिळते. शंभर वर्षे हा क्रम चालू आहे. म्हणजे आमच्या बादलीत पडणारे पाणी आधी कुणाच्या तरी घरचे दिवे लावून आलेले असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेताना मला हे दरवर्षी आठवते आणि मी ते मोठ्याने सांगतो. त्यावर आतून आमच्या सौ. सांगतात, की दिव्यांचे राहू द्या, अजून तिघांच्या आंघोळी व्हायच्या आहेत.

पण मला सांगायचे आहे ते आमच्या पाण्याविषयी नव्हे, आत्याच्या पाण्याविषयी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय वर्षे सत्याऐंशी. माहेर ठाण्याचे, खारकर आळीतले. सासर कल्याणचे, पारनाक्यापाशी. माझे आजोबा ठाण्याच्या पाणीखात्यात चावीवाले होते. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटे निघत, रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून आत चावी बसवीत आणि दोन्ही हातांनी फिरवून एकेका आळीचे पाणी सोडीत. आत्या सांगते, त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकून बायका कळशा घेऊन उठत. कोंबडा उशिरा आरवे. मी त्यांना पाहिलेले नाही. आजोबांची आठवण म्हणून ती चावी तरी घरात असायला हवी होती, पण चावी सरकारी, ती नोकरीबरोबर परत गेली.

पाणी होते ते पोखरणचे. ठाण्याला येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जो तलाव आहे, ज्याला आज सगळे उपवन म्हणतात, त्या तलावाने एके काळी ठाणे शहराची तहान भागवली. आमच्या आजोळघरी त्याला दुसरे नाव नव्हते, पोखरण एवढेच. पुष्करिणी या भारदस्त शब्दाचे हे घरात वापरून मऊ झालेले रूप. रस्त्यांना ते नाव अजून आहे, पोखरण रस्ता क्रमांक एक आणि क्रमांक दोन. त्या नावाचा संबंध राजस्थानातल्या १९७४ च्या अणुस्फोटाशी जोडणारे ठाणेकर मला भेटले आहेत. मास्तर असूनही मी त्यांना दुरुस्त करीत नाही. प्रवासात आपण मास्तर असल्याचे कळू देऊ नये.

आत्याच्या दोन चमत्कारिक सवयी आम्हां भाच्यांना लहानपणापासून ठाऊक होत्या. पहिली म्हणजे ती कुठल्याही तळ्याच्या पायरीवर उतरत नसे. कल्याणचा काळा तलाव तिच्या घरापासून चालत जाण्यासारखा. जुन्या गॅझेटियरात त्याचे नाव शेनाळे असे आहे आणि त्याचे क्षेत्र सुमारे २४ एकर दिले आहे. गावाच्या पाण्यासाठी जुन्या काळी बांधून काढलेले हे तळे आता फिरायला जाण्याचे ठिकाण झाले आहे. भोवती चालण्याची वाट, बाके, संध्याकाळी दिवे. आत्याची नातवंडे तिला ओढून नेत. ती जाई, पण काठावर पोचताच चपला काढून बाकाखाली ठेवी आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसे. जणू पाय जमिनीवर राहिले तर आपोआप पाण्याकडे चालू लागतील!

दुसरी सवय भाऊबिजेची. ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबिजेला चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. आत्याला भाऊ होता, आमचे बाबा. चांगले हट्टेकट्टे पाटावर येऊन बसलेले असत. तरी आत्या आधी गच्चीवर जाऊन चंद्रकोरीला ओवाळून येई आणि मग बाबांना. शेजारणी नावे ठेवीत. भाऊ असताना चंद्राला ओवाळले तर भावाचे आयुष्य कमी होते, असेही एकीने सांगून पाहिले. आत्याने कधी उत्तर दिले नाही. बाबा हसून म्हणत, "चंद्र माझा थोरला भाऊ आहे. त्याचा मान पहिला." बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षे जगले, तेव्हा शेजारणीचे म्हणणे काही खरे ठरले नाही.

गेल्या दिवाळीत आत्या आमच्याकडे डोंबिवलीला होती. बाबा गेल्यानंतरची भाऊबीज. दुपारचे जेवण झाले, मी वामकुक्षीच्या तयारीत होतो, आणि आत्या माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "मला पोखरणला घेऊन चल. आज चंद्र तिथं बघायचाय."

सौ. म्हणाल्या, "आत्या, सणाची गर्दी असेल. इथं गच्चीवरून दिसतो की." आत्याने ऐकून घेतले आणि तबकात निरांजन, वाती, कुंकवाची कोयरी, सुपारी आणि काड्यापेटी ठेवून ते फडक्यात बांधायला घेतले. तेव्हा मी उठून सदरा चढवला.

ठाण्याला उतरून रिक्षात बसलो. आत्या म्हणाली, "पोखरणला." रिक्षावाल्याने मान मागे वळवली. "एक की दोन?" आत्याला काही उमजेना. "अरे, तळ्यावर." "मग उपवन म्हणा ना, आजी." साठ-सत्तर वर्षांनी माहेरच्या वाटेने जाताना नाव चुकल्याबद्दल बोलणी खावी लागतील असे तिला वाटले नसावे. ती पदर सावरून बसली आणि बाहेर पाहू लागली. "इथं भात होतं," ती म्हणाली. कॅडबरी नाका आला. "इथंही भातच." वर्तकनगर आले. "इथं करवंदाच्या जाळ्या होत्या, आणि पुढं भात." उंच इमारतींच्या रांगा सरकत होत्या आणि ती त्यांच्याखाली भात लावत चालली होती. मग एका वळणानंतर डोंगर समोर आला, आणि ती एकदम गप्प झाली. डोंगर तिच्या ओळखीचा होता.

तळ्याच्या काठी जत्रा होती. फुगेवाले, भेळवाले, भाजलेल्या कणसांचा वास. नव्या कपड्यांतली मुले घाटाच्या पायऱ्यांवरून वरखाली पळत होती. तरुण जोडपी पाण्याकडे पाठ करून उभी होती, म्हणजे पाणी छायाचित्रात यावे. काही पेन्शनर मंडळी घड्याळ लावून तळ्याला फेऱ्या घालीत होती. हिवाळ्यात इथे गाण्याबजावण्याचा, चित्रांचा मोठा महोत्सव भरतो, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. मला या गर्दीचा राग नाही. शहराला श्वास घ्यायला जागा हवी, आणि ज्या जागेने आपल्याला पाणी पाजले तिथे मुलांना फुगे मिळाले तर बिघडले कुठे?

आत्याने मात्र बांधावर येताच चपला काढल्या. जवळच एक पहारेकरी होता, तो म्हणाला, "आजी, चपला घाला. काचा असतात." आत्या म्हणाली, "बांधावर वहाणा चालत नाहीत." तो माझ्याकडे पाहू लागला. मी खांदे उडवले आणि तिच्या चपला हातात घेतल्या.

एका बाकावर बसलो. चंद्र उगवायचा नव्हता, दिसायचा होता. बिजेचा चंद्र सूर्याच्या मागोमागच मावळतीला जातो. संधिप्रकाश जरा विझला की घटकाभर दिसतो आणि इथे तर पलीकडे डोंगर, म्हणजे त्याहूनही कमी. तोवर वेळ काढायचा होता, आणि मास्तराला बाकावर बसवले की त्याचा वर्ग सुरू होतो. मी आत्याला मुंबईचे सांगू लागलो. विहारचे तळे १८६० साली झाले आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. १८९२ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या तानसाचे पाणी मुंबईला जाते, १९५७ साली वैतरणेवरचा मोडकसागर झाला, पुढे भातसा. ही सगळी धरणे ज्या शहापूरच्या बाजूला आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, हेही सांगितले. आत्या म्हणाली, "वाढपी उपाशी राहतो तसं."

मग मी मलबार हिलच्या हँगिंग गार्डनवर आलो. शाळेची सहल तिथे नेली की मुले झाडांचे कापून केलेले हत्तीघोडे बघतात आणि समोरच्या बागेतल्या म्हातारीच्या बुटात शिरायला धावतात. मी त्यांना थांबवून सांगतो, की बाळांनो, तुम्ही बागेत उभे नाही, टाकीवर उभे आहात. या गवताखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे, १८८७ साली बांधलेली, १४७ दशलक्ष लिटर पाणी मावेल एवढी, आणि दक्षिण मुंबई अजून तिचे पाणी पिते. मुलांचा विश्वास बसत नाही. मुलांचेच कशाला? २०२३ साली ही टाकी नव्याने बांधण्याची योजना निघाली, बाग काही वर्षे बंद राहणार आणि ३८९ झाडांवर गदा येणार असे कळले, तेव्हा मोठा गहजब झाला. आपण रोज सकाळी कशावरून चालतो, हे पुष्कळांना त्या वेळी प्रथमच कळले असेल.

आत्या लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारले, "वरून चालणाऱ्यांचे पाय लागत नाहीत ना पाण्याला?"

"छे! टाकी पूर्ण झाकलेली आहे."

"मग बरं," ती म्हणाली. थोडा वेळ गेला. नंतर ती जे बोलली ते माझ्याकडे न पाहता बोलली.

"मी इथं पाय घातला होता."

ही गोष्ट १९४७ सालची. आत्या नऊ वर्षांची. स्वातंत्र्यानंतरची पहिली दिवाळी. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे पाणी भरतात. हंडा-बंब चिंचेने लखलखीत घासायचा, त्याला कारिटाची वेल गुंडाळायची, कुंकू लावायचे आणि पहाटेच्या स्नानाचे पाणी भरून ठेवायचे. त्या दुपारी आजोबांचे काही काम तलावावर होते. त्यांनी लेकीला सायकलच्या दांडीवर बसवले. "आज सगळं ठाणं पाणी भरणार. चल, ते येतं कुठून ते दाखवतो." बांधावर आल्यावर त्यांनी वहाणा काढल्या, तिलाही अनवाणी केले. ते चौकीदाराशी बोलत होते तेवढ्यात ही काठाशी गेली. दुपारचे ऊन, पाय भाजलेले, आणि पाणी इतके स्वच्छ की तळाचे दगड दिसत होते. तिने उजवा पाय पाण्यात बुडवला.

"नानांनी पाहिलं," आत्या म्हणाली. "मारलं नाही रे. ओरडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, 'आता सगळ्या ठाण्यानं तुझा पाय प्यायचा.'"

त्या रात्री आईने हंडा भरला. आत्याने त्या पाण्याने आंघोळ केली, पण नळाचे पाणी पोटात घेतले नाही. वाड्यातल्या विहिरीचे पाणी गुपचूप पीत राहिली. भाऊबिजेला दोघे भाऊ पाटावर बसले. आमचे बाबा दोन वर्षांचे, आणि मधला पाच वर्षांचा. हा मधला मला नवीन होता. बाबांच्या तोंडून त्याच्याविषयी मी कधी काही ऐकले नाही. बाबांना तो आठवतही नसणार. आत्या त्याला कुंकू लावायला गेली तर बोटाला कपाळ गरम लागले. मुदतीचा ताप. एकविसाव्या दिवशी तो गेला.

"मी विहिरीचं प्यायले, म्हणून मला काही झालं नाही," आत्या म्हणाली. "तो नळाचं प्यायला."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आसपास ही बाई हे घेऊन जगली होती. लग्न, चार बाळंतपणे, सुना, नातवंडे, सगळ्यांतून. कुणाला सांगितले नाही. आजोबा ते वाक्य बोलून विसरले असतील. चांगला माणूस होता. पाण्याची भीती, म्हणजे पाण्याविषयीचा आदर, त्यांच्या अंगात मुरला होता आणि तोच त्यांनी मुलीला द्यायला पाहिला. पूर्वीच्या लोकांना पाण्याची किती चाड होती, असे मी स्वतः वर्गात कितीदा सांगितले आहे! त्या संध्याकाळपासून ते वाक्य माझ्या तोंडून सरळ निघत नाही.

मी मास्तर आहे. मला दुसरे काही येत नसले तरी बेरीज-वजाबाकी येते. मी तिला म्हटले, "आत्या, पाय घातलास पाणी भरण्याच्या दिवशी. ताप आला भाऊबिजेला. मध्ये दिवस किती? चार. मुदतीच्या तापाचे जंतू पोटात गेले तरी ताप चढायला बहुधा आठपंधरा दिवस लागतात. म्हणजे तू पाय बुडवलास तेव्हा दुखणं त्याच्या पोटात आधीच होतं. शिवाय निरोगी पोराच्या पायानं टायफॉइड होत नाही. तो आजारी माणसाच्या मळातून पाण्यात उतरतो. विहिरीचं पाणी त्याहून वाईट असायचं."

हे सगळे मी फळ्यावर लिहिल्यासारखे सांगितले. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. या तापावर गुणकारी ठरलेले पहिले औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, १९४७ सालीच सापडले आणि पुढच्याच वर्षी मलायात टायफॉइडच्या रोग्यांवर त्याचा गुण सिद्ध झाला. मधल्याला आणखी दोनतीन वर्षांनी ताप आला असता तर कदाचित आज तोच या बाकावर बसला असता. हे मात्र मी तिला सांगितले नाही.

आत्याने बोटांवर दिवस मोजले. एकदा, मग पुन्हा. चारच भरले. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी पाय असेल."

"तसं नाही गं आत्या—"

"कुणाचं तरी पोर असेल," ती म्हणाली. "बिचारं."

यावर काय बोलावे मला सुचले नाही. माझी वजाबाकी बरोबर होती, पण तिच्या उपयोगी पडली नव्हती.

तेवढ्यात पायऱ्यांवरच्या मुलांनी गलका केला आणि बोटे वर केली. येऊरच्या कड्यावर, झाडांच्या शेंड्यांच्या किंचित वर, नखाएवढी कोर दिसत होती. आत्या उठली. मी फडके सोडून तबक तिच्या हातात दिले. वाऱ्याने निरांजन दोनदा विझले. तिसऱ्या वेळी मघाचा पहारेकरी जवळ आला आणि त्याने दोन्ही हातांचा आडोसा धरला. आत्याने सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळले, चंद्राच्या दिशेने अक्षता टाकल्या. नेहमी ती मनातल्या मनात काही पुटपुटे, ते आज मला ऐकू आले. ते एक लहान मुलाचे लाडके नाव होते. मग तिने आणखी एकदा ओवाळले. ते बाबांचे असावे.

चंद्र डोंगराआड जायला वेळ लागला नाही. मी तबक बांधत होतो तोच आत्या म्हणाली, "मला खाली पायरीपर्यंत ने."

मी तिचा हात धरला. एकेक पायरी उतरत आम्ही पाण्यापाशी आलो. पाणी काही दगड दिसावेत असे स्वच्छ नव्हते. त्यात दिव्यांची प्रतिबिंबे होती, एक फुटका फुगा होता आणि कुणीतरी टाकलेले झेंडूचे फूल होते.

"हे पाणी आता कुणी पीत नाही ना?" आत्याने विचारले.

"नाही."

"नळाला जात नाही?"

"नाही, आत्या. ते केव्हाच बंद झालं. आता नुसतं बघायला आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्या खांद्यावर भार टाकला, लुगडे घोट्याच्या वर धरले आणि उजवा पाय पाण्यात घातला. शेजारी एक मुलगी कागदाची होडी सोडत होती, तिने वर पाहून जागा करून दिली. आत्या तशीच थोडा वेळ उभी राहिली.

"थंड आहे रे," ती म्हणाली. "तेव्हाही एवढंच थंड होतं."

मग पाय बाहेर काढून तिने तो पदराने पुसला आणि माझ्याकडे चपला मागितल्या.